जांभळ्या कडेची पापडी

केतकीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात होते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये चहाच्या रांगेत उभी होते. "बाबा गेले गं," एवढंच ती म्हणाली. मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे गेले?" कारण दोनच दिवसांपूर्वी वर्तक काका मला व्हिडिओ कॉलवर वालाच्या शेंगा दाखवत होते. फोन वेलाच्या इतका जवळ नेला होता की शेंगांऐवजी त्यांचा अंगठाच दिसत होता, आणि मी हसून म्हटलं होतं, "काका, पुरे आता, आल्यावर बघते सगळं." पहाटे छातीत दुखायला लागलं, अँब्युलन्स वेळेवर आली, जर्मनीत ती येतेच वेळेवर, पण उपयोग झाला नाही. मी चहा न घेताच रांगेतून बाहेर पडले आणि वरती आईजवळ जाऊन बसले. तिला काही सांगितलं नाही.

काका माझे नात्याने कोणी नव्हेत. रेगेन्सबर्गला आमच्या गल्लीत चार घरं सोडून निखिल आणि केतकी राहतात, त्या निखिलचे ते वडील. निखिल इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. काका ठाण्याला पाणीपुरवठा खात्यात होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. सुधाकाकू गेल्या, काकांचं हृदय आधीच कुरकुरत होतं, एकटं ठेवण्यासारखं नव्हतं, म्हणून निखिलने आउसलेंडरबेहोर्डे नावाच्या, परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या कचेरीत इतके हेलपाटे घातले की तिथल्या बाईने शेवटी कंटाळून की दया येऊन कोण जाणे, काकांना राहायची परवानगी मिळवून दिली. आमची घरं रायहेनहाउस पद्धतीची, म्हणजे एकाला एक चिकटलेली, आणि प्रत्येकाच्या मागे सतरंजीएवढी बाग. बाग म्हणजे काय, गवत. काका आले, मागचं दार उघडून बाहेर उभे राहिले आणि निखिलला म्हणाले, "हे गवत कोणासाठी? गाय आहे का आपल्याकडे?" पुढच्या आठवड्यात निम्मं गवत उपटलेलं होतं आणि निखिल कपाळाला हात लावून बसला होता.

मला बागेचा नाद आधीपासून होता, पण एकटीचा. काकांमुळे त्याचं वेड झालं. इथे वसंतात बागेच्या दुकानांत बियांच्या पाकिटांच्या भिंतीच्या भिंती उभ्या असतात, आणि काकांचा एकच नियम: जे ओळखीचं आहे ते घ्यायचं नाही. लाल टोमॅटो तर बाजारात मिळतोच, मग काळा लावू. हिरव्यावर पिवळे पट्टे असलेला लावू. त्याचं नाव त्यांनी वाघ्या ठेवलं. जांभळं गाजर लावलं, त्याचा हलवा शाईच्या दौतीतून काढल्यासारखा झाला, घरात कोणी हात लावेना, काकांनी एकट्याने तो चार दिवस खाल्ला आणि वर "उत्तम झालाय" असं सांगत राहिले. पांढरं वांगं आलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन विचारलं, "ह्याला काही आजार आहे का?" आणि संध्याकाळी त्याचं भरीत केलं. रोमानेस्को नावाचा तो टोकदार हिरवा फ्लॉवर बघून म्हणाले, "हा कापायचा कसा? देवळाचं शिखर आहे हे." मान्गोल्ड नावाच्या इथल्या पिवळ्या देठाच्या पालेभाजीचं, चिंच-गूळ-दाणे घालून, अळूसारखं फदफदं त्यांनीच आमच्या सगळ्या गल्लीला शिकवलं. शेजारच्या फ्राउ आयग्नर बाईंना इंग्रजी येत नव्हतं, काकांना जर्मन येत नव्हतं, आणि दोघं कुंपणावरून तासतासभर बोलायचे. त्यांनीच काकांना बजावलं होतं की मे महिन्याच्या मध्यात थंडीचे चार संतांचे दिवस येतात, ते सरेपर्यंत नाजूक रोप बाहेर काढायचं नाही. काका त्यांना बर्फबुवा म्हणायचे. एप्रिलपासून दर दोन दिवसांनी मला फोन: "बर्फबुवा गेले का गं?"

हे सगळे प्रयोग गंमत म्हणून चालले होते. एक प्रयोग मात्र गंमत नव्हता, आणि तो मला दुसऱ्या कोणी नाही, काकांनीच सांगितला. पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी त्यांनी कागदाची पुडी उघडून माझ्यासमोर धरली. आत मूठभर वाल. काकूंचं माहेर अलिबागजवळचं, तिथल्या परसातली ही पापडी, रुंद आणि जांभळ्या कडेची. बाजारात ती कधी आलीच नाही. काकूंनी लग्नानंतर ठाण्याला इमारतीच्या मागच्या वीतभर जमिनीत ती लावली, आणि दर वर्षी बी राखेत घोळून बरणीत भरून ठेवलं. माहेरची जमीन मध्येच विकली गेली. परस होतं तिथे आता रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव आहे. म्हणजे बी उरलं ते फक्त काकूंच्या बरण्यांत. काकू गेल्या आणि ठाण्याचं घर आवरायला निखिल पंधरा दिवसांची रजा काढून गेला. काका एक दिवस पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. परत आले तर स्वयंपाकघर लख्ख. जुनी, राखाडी पडलेली कडधान्यं निखिलने कचऱ्यात टाकली होती आणि बरण्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. काकूंच्या शिवणाच्या डब्यात कोणाला तरी द्यायला बांधून ठेवलेली ही एक पुडी तेवढी राहिली.

"निखिलला यातलं काही माहीत नाही," काका म्हणाले, "आणि तू सांगायचं नाहीस. पोराने आईच्या मागचं सगळं एकट्याने निस्तरलं. हे कळलं तर जन्मभर स्वतःला खात बसेल. एकदा बी धरलं की झालं. मग सांगू सगळ्यांना, पापडी खायला बोलावू." मी बरं म्हटलं. त्या दुपारी ती अगदी साधी गोष्ट वाटली होती. वाल काय, कुठेही येतो.

आणि वाल आलाही. आला म्हणजे असा आला की निखिलच्या वरच्या खोलीच्या खिडकीपर्यंत चढला, फ्राउ आयग्नरबाईंच्या सफरचंदाच्या झाडावर गेला, पानं तळहाताएवढी. पण फूल नाही. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला, रोज सकाळी काका चष्मा लावून शेंड्यांना डोळे लावून बसायचे. फ्राउ आयग्नरबाईंनी निदान केलं की खत जास्त झालं. मी म्हटलं पाणी जास्त होतंय. ऑक्टोबरात कुठे दोन-चार तुरे डोकावले आणि त्याच आठवड्यात कडाका पडून सगळा वेल एका सकाळी काळा झाला. काका त्या काळ्या पाल्याशी किती तरी वेळ उभे होते. केतकी म्हणाली, "अहो बाबा, पुढच्या वर्षी येईल की." तिला बिचारीला काय माहीत की पुडीतलं किती संपलं ते.

दुसऱ्या वर्षी आम्ही हुशार झालो. खत बंद केलं, पाणी मोजून घातलं, बागेतली सगळ्यात उन्हाची जागा दिली. वर मी, सॉफ्टवेअरवाली बाई, नेटवरून रोपांसाठीचा तो खास दिवा मागवला आणि ऊन उतरलं की वेलावर तो लावायचा असं ठरवलं. कोकणातल्या झाडाला ऊन कमी पडत असेल, दुसरं काय! काकांनी रोज न चुकता दिवा लावला. वेल आणखी फोफावला. फूल एकही आलं नाही, ऑक्टोबरातसुद्धा नाही. आणि बी म्हातारं होत चाललं होतं. पेरलेल्यातलं निम्मंच रुजलं होतं. काका त्या हिवाळ्यात बोलायचे कमी झाले. मी चिडवून त्यांना वाघ्याचं नवं पाकीट दाखवलं तर म्हणाले, "तू लाव या वर्षी. मला इतकंच पुरे."

या वर्षी त्यांनी पुडी रिकामी केली. दोन रोपं आली. ती त्यांनी जमिनीत न लावता बादल्यांत लावली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बहुतेक जवळ असावीत म्हणून. आणि मग जूनमधली ती संध्याकाळ. साडेनऊ वाजले होते आणि बाहेर पेपर वाचता येईल इतका उजेड होता. काका खुर्चीत बसून आभाळाकडे बघत होते. मला म्हणाले, "वैशाली, आपल्याकडे वाल कधी फुलतो?"

"थंडीत."

"थंडीत काय होतं?"

"काय होणार, थंडी पडते."

"थंडी नाही गं. दिवस लहान होतो." ते एकदम उठून उभे राहिले. "इथे रात्रच होत नाही. त्याला वाटतंय, अजून पुष्कळ वेळ आहे, फुलायची काय घाई आहे. आणि आपण शहाणे, वर्षभर त्याच्या उशाशी दिवा लावून बसलो!" मग ते हसायला लागले, इतके की ठसका लागला आणि केतकी पाणी घेऊन धावत आली. मी मात्र हसू शकले नाही. तो दिवा माझा होता.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी वेलाला रात्र करून द्यायला सुरुवात केली. निखिलच्या बेडरूमचे जुने जाड पडदे त्यांनी दुहेरी शिवले, चार काठ्यांचा मांडव केला, आणि सहा वाजले की ते पडदे टाकून बादल्या पूर्ण झाकायचे. सकाळी आठला उघडायचे. "झोपवून येतो," म्हणायचे. नात ईरा सगळं मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्येच देते, तिने तक्रार केली की झाड माझ्याआधी झोपतं आणि त्याला कोणी ओरडत नाही. बाहेर लख्ख ऊन असताना काळ्या बुरख्यातली ती बादल्यांची जोडी बघून फ्राउ आयग्नरबाईंनी मला हळूच विचारलं होतं की हा काही धार्मिक विधी आहे का. मी म्हटलं, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. तेवढं जर्मन सोपं पडतं.

या सहा वाजण्यापायी काका कुठे जाईनासे झाले. इथल्या मराठी मंडळाची सहल नाही, कोणाकडे जेवण नाही. ऑगस्टात निखिलने सगळ्यांसाठी इटलीचं बुकिंग केलं होतं, समुद्राकाठी एक आठवडा, खास बाबांसाठी, कारण इथे आल्यापासून त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. काका म्हणाले, मी येत नाही. मी तिथेच होते, ईराला घेऊन काही तरी निवडत बसले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी निखिलला वडिलांवर आवाज चढवताना ऐकलं.

"बाबा, एका वेलासाठी?"

"हो."

"वैशाली झाकेल की. नाही तर फ्राउ आयग्नर झाकतील."

"नको. तुम्ही जाऊन या."

नंतर निखिल मला दाराशी गाठून म्हणाला, "तू तरी समजाव त्यांना. माझ्याबरोबर यायला नको आहे, दुसरं काय." मी काकांकडे गेले, म्हटलं, काका, सांगून टाका ना त्याला. ते म्हणाले, "बी हातात येऊ दे." ते लोक इटलीला गेले, काका मागे राहिले. निखिलची ती बापाबरोबरची सुट्टी झाली नाही ती नाहीच झाली. मला आता त्या आठवड्याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. काका तेव्हा खुशीत होते, हेही खरं आहे.

कारण त्याच आठवड्यात तुरे आले. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, काकांचा फोन: "ये." नुसतं ये. मी काही तरी बहाणा करून सायकल हाणत आले. पांढुरक्या-जांभळट कळ्यांचे तुरे, पानांतून वर आलेले. काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. "सुधाने बघायला हवं होतं गं," म्हणाले. आम्ही दोघंही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. सप्टेंबरात शेंगा धरल्या. थंडी वाढली तशा बादल्या त्यांनी काचेच्या पडवीत आत आणल्या. शेंगा भरत गेल्या, कडेला तो जांभळा रंग चढला, आणि पापडीचा तो वास... पडवीचं दार उघडलं की नाकात शिरायचा. केतकीने विचारलं, "बाबा, एक दिवस भाजी करू या का? तुम्ही इतकं सांगता काकडीसारखं कोवळं काय आणि ओवा काय." काका म्हणाले, "थांब. अजून नाही." शेंग वेलावरच पिवळी पडली, वाळली, आत बी खुळखुळायला लागलं की मगच काढायची, हे मला ठाऊक होतं. केतकीला फक्त "अजून नाही" एवढंच ठाऊक होतं.

मग मी पुण्याला गेले, आणि मग तो फोन. त्या दिवसांत माझ्या मनात शेंगा आल्या नव्हत्या असं नाही. आल्या होत्या. पण ज्या घरात माणूस गेलाय, अंत्यसंस्कारासाठी जर्मन कागदांच्या चळतीवर सह्या चालल्यात, त्या घरात फोन करून वालाच्या शेंगा जपा असं कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि सांगायचं तर का, ते सांगावं लागलं असतं. म्हटलं, वेल पडवीत आहे, गारठ्याची भीती नाही, आपण जातोच आहोत. तेराव्याला मी म्युनिकला उतरले आणि बॅगेसकट थेट त्यांच्याकडे गेले. ट्रेनमधून उतरून घरापर्यंत चालताना ठरवत होते, जेवणं आटोपली की केतकीला बाजूला घ्यायचं.

घरात मंडळातले लोक होते. काकांच्या फोटोपुढे पान मांडलं होतं. वडे, खीर, भाजणीचं काही तरी, आणि पानाच्या डाव्या-उजव्याचा हिशेब चुकवून अगदी मधोमध वाढलेली पापडीची भाजी. ओवा, लसूण, वर खोबरं. मी दारातच उभी राहिले. केतकी माझ्या गळ्यात पडली आणि रडत म्हणाली, "अगं, बाबांनी स्वतः लावली, इतकी जपली आणि एकदाही खाल्ली नाही बिचाऱ्यांनी. मी म्हणत होते तर थांब म्हणाले. म्हटलं, आज त्यांच्या आवडीचं करायचं म्हणजे हीच करायची. सगळ्या काढल्या, एकसुद्धा ठेवली नाही. जून झालेल्या होत्या त्यांचे दाणे सोलून घातले." तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. सासऱ्यांसाठी आपल्याकडून एक तरी गोष्ट बरोबर झाली, असं तिला वाटत होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला त्या क्षणी काकांचा राग आला, फार राग आला... मुलाला दुखवायचं नाही म्हणून एवढा बंदोबस्त केला माणसाने, आणि त्या बंदोबस्तात बीच गेलं. मग पान वाढलं गेलं. मी जेवले. भाजी चांगली झाली होती.

पडवीत पुढे वेल सुकला. निखिलला मी काही सांगितलं नाही, शब्द दिला होता म्हणून, आणि सांगून काय मिळणार होतं म्हणूनही. पण नोव्हेंबरात तो स्वतःच आमच्याकडे आला. बादल्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, ठेवून आला होता. हाताला माती होती. म्हणाला, "पुढच्या वर्षी मी लावतो ती पापडी. पडदे वगैरे सगळं करतो. बाबांनी बी कुठे ठेवलंय, तुला माहीत असेल ना?" काही तरी ठोकून देता आलं असतं, कुठे तरी असेल, बघू. पण तो समोर बसला होता आणि वाट बघत होता. मग मी सांगितलं. शेंगा म्हणजेच बी होतं, हे सांगितलं. त्याने विचारलं, मला का नाही सांगितलं त्यांनी, म्हणून बरण्यांचंही सांगितलं. तो हातावरची माती अंगठ्याने काढत बसला, आणि मग एवढंच म्हणाला, "इटलीला मी त्यांच्याशी बोललो नव्हतो. आठवडाभर फोन केला नाही." परवा मी त्याला म्हटलं की काकांवर लिहायचं मनात आहे पण हे वगळीन, तर म्हणाला, "वगळू नकोस. लिही."

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत, हीटरच्या वर, एक नवी कुंडी होती. मी केतकीकडे बघितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "तेराव्याची वाटीभर भाजी उरली होती, ती मी आइस्क्रीमच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाकली होती. टाकवत नव्हती आणि खाववत नव्हती. काल त्याने काढली. दाणे एकेक करून निवडले, धुतले आणि लावले त्यात. मी म्हटलं, अरे, शिजलेत ते. तर म्हणाला, माहीत आहे." तेवढ्यात निखिल आत आला. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, नळाखाली पेला धरला, बोटाने माती चाचपली आणि कडेकडेने पाणी घातलं. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "वाल रुजायला किती दिवस लागतात गं?"

"आठवडाभर," मी म्हटलं. "थंडीत जरा जास्त."